संगणकीय आरेखनातील रेखाटनाच्या सवयी व वेळेची बचत : पडघा परिसरातील गोदाम-बांधकामाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : संगणकीय आरेखन, रेखाटन, बंधने, स्वातंत्र्यांश, पोलादी शेड, पडघा

प्रस्तावना :

मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघा हे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याचे गाव. वीजक्षेत्रातील लोकांना हे नाव १९९९ पासून परिचित आहे, कारण चंद्रपूरहून सुमारे ७५२ किलोमीटर अंतर कापून येणारी ५०० किलोव्होल्ट दाबाची, १५०० मेगावॉट क्षमतेची दिष्ट प्रवाहाची वाहिनी येथील उपकेंद्रात येऊन संपते. अलीकडच्या काळात मात्र पडघा व त्याच्या आसपासची गावे गोदामांसाठी ओळखली जाऊ लागली. महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या गोदामांपैकी पुष्कळशी पूर्वरचित पोलादी चौकटींची असतात. व्यवहारात त्यांना ‘पीईबी शेड’ म्हणतात. अशा शेडचे भाग कारखान्यात कापले, जोडले आणि रंगवले जातात. ट्रेलरवरून जागेवर आल्यावर ते बोल्टने एकमेकांस जोडणे एवढेच काम तेथे उरते. त्यामुळे संगणकावर काढलेले आरेखन आणि उभी राहिलेली इमारत यांच्यामध्ये चूक सुधारण्यास फारच थोडा अवसर शिल्लक राहतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आरेखक व्यवसायाचा प्रशिक्षणार्थी असो किंवा तंत्रनिकेतनातील पदविकेचा विद्यार्थी, या परिसरातील तरुणाला नोकरीची जी दारे उघडू शकतात, त्यांत शेडचे आरेखन करणारे कार्यालय हे एक महत्त्वाचे दार आहे. तेथे त्याच्याकडून वेगाची अपेक्षा असते. वेग म्हणजे कळफलकावर बोटे झरझर चालणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये आणि काही प्रमाणात अध्यापकांमध्येही आढळतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. संगणकीय आरेखनातील बराचसा वेळ पहिली रेषा काढण्यात खर्च होत नाही, तर काढलेली रेषा पुन्हा बदलण्यात खर्च होतो. म्हणून वेळेची खरी बचत रेखाटनातील निर्णयांच्या क्रमावर अवलंबून असते.

रेखाटन म्हणजे संबंधांची मांडणी :

ही कल्पना नवी नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’ ही संगणकीय आरेखनाची आद्य प्रणाली मानली जाते. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढण्याची सोय तिच्यात होती. तथापि तिचे खरे नावीन्य निराळे होते. नियमित षट्कोन काढण्यासाठी सदरलँड यांनी आधी वाकडातिकडा षट्कोन काढला, त्याचे शिरोबिंदू एका वर्तुळावर बसवले, सर्व बाजू समान असाव्यात असे यंत्राला सांगितले आणि शेवटी वर्तुळ पुसून टाकले. आकृती नेमकी करण्याचे काम यंत्राने केले; माणसाने केवळ संबंध सांगितले. आधी ओबडधोबड आकार, मग संबंध, मग त्याच्या प्रती, हा क्रम साठ वर्षांनंतरही तितकाच उपयुक्त आहे.

पुढचा इतिहास मात्र सरळ रेषेत गेला नाही. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि वैयक्तिक संगणकावर आरेखन करणे शक्य झाले. परंतु त्या वेळचे ऑटोकॅड हे एका अर्थी विजेवर चालणारा ड्रॉइंग बोर्डच होते. रेषेला आपली शेजारची रेषा कोण, हे ठाऊक नसे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या प्रो-इंजिनिअरने आणि १९९५ मधील सॉलिडवर्क्सने संबंधांवर आधारलेली पद्धत त्रिमितीय आरेखनात रुजवली. ऑटोकॅडच्या द्विमितीय आरेखनात भौमितिक बंधने आली ती २०१० च्या आवृत्तीत, म्हणजे २००९ साली. आपल्याकडील अनेक अध्यापकांचे स्वतःचे शिक्षण त्याआधीच्या पद्धतीने झाले असल्याने ड्रॉइंग बोर्डाच्या सवयी प्रयोगशाळेत टिकून राहिल्या. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. परंतु ही स्थिती ओळखणे आवश्यक आहे.

संबंधांची ही भाषा समजण्यासाठी स्वातंत्र्यांशांची मोजणी उपयोगी पडते. प्रतलातील एका बिंदूला २ स्वातंत्र्यांश असतात, रेषाखंडाला ४, वर्तुळाला ३ आणि कंसाला ५. चार सुट्या रेषाखंडांना मिळून १६ होतात. त्यांची टोके चार कोपऱ्यांत जुळवली की प्रत्येक कोपऱ्यामागे २ याप्रमाणे ८ उरतात. दोन रेषा आडव्या व दोन उभ्या केल्या की ४ शिल्लक राहतात. हे चार म्हणजे आयताची लांबी, रुंदी आणि त्याचे प्रतलातील स्थान. विद्यार्थ्याने ही मोजणी एकदा वहीत केली, की पडद्यावरील निळ्या-काळ्या रेषांचा अर्थ त्याला आपोआप उलगडतो. सॉलिडवर्क्समध्ये निळी रेषा म्हणजे अजून मोकळी आणि काळी म्हणजे पूर्ण बांधलेली. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेले रेखाटन हिरवे होते आणि तोपर्यंत किती स्वातंत्र्यांश शिल्लक आहेत, हा आकडाच दाखवला जातो. अध्यापनाच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा आहे.

गोदामाच्या चौकटीचे उदाहरण :

समजा, पडघा परिसरातील एका गोदामाची चौकट काढावयाची आहे. गाळा ३० मीटर, वळचणीची उंची १० मीटर आणि छपराचा उतार दहास एक. ड्रॉइंग बोर्डाची सवय असलेला विद्यार्थी डावा कॉलम काढील, त्याच्या माथ्यापासून चढता राफ्टर, आढ्यापासून उतरता राफ्टर आणि अखेरीस उजवा कॉलम. प्रत्येक बिंदूचे निर्देशक तो गणकयंत्रावर काढून टंकित करील. चित्र अचूक येईल. गुणही पूर्ण मिळतील.

दुसरी पद्धत अशी. आरंभबिंदू जमिनीच्या पातळीवर, गाळ्याच्या बरोबर मध्यभागी मानावा. केवळ अर्धी चौकट काढावी, म्हणजे कॉलमची एक रेषा आणि राफ्टरची एक रेषा. दोन रेषांचे स्वातंत्र्यांश ८. दोहोंचा सांधा जुळवला की ६, कॉलम उभा केला की ५, त्याचा पाया आडव्या अक्षावर बसवला की ४ आणि राफ्टरचे वरचे टोक उभ्या अक्षावर आणले की ३. आता शिल्लक राहिलेले तीन स्वातंत्र्यांश म्हणजे गाळा, वळचणीची उंची आणि उतार. गोदामाचा मालक जी तीन मापे सांगतो, नेमकी तीच. रेखाटन आणि व्यवहार यांची भाषा येथे एक होते. उरलेली अर्धी चौकट आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे एका आज्ञेत मिळते.

या दोन पद्धतींतील फरक पहिल्या दिवशी दिसत नाही. भूखंडाची प्रत्यक्ष मोजणी होऊन गाळा ३६ मीटरचा ठरतो, तेव्हा तो दिसतो. दुसऱ्या पद्धतीत एक आकडा बदलला की आढ्याची उंची ११.५ मीटरवरून ११.८ मीटर होते आणि उतार दहास एकच राहतो. पहिल्या पद्धतीत सर्व निर्देशक नव्याने काढावे लागतात. याहून धोक्याची आहे ती मधली अवस्था. विद्यार्थ्याने बंधने वापरली, परंतु उताराऐवजी आढ्याची उंची ११.५ मीटर अशी बांधून ठेवली, तर गाळा वाढताच उतार निमूटपणे दहास एकवरून बारास एक होतो. पडद्यावर काहीही तांबडे दिसत नाही. संगणकाच्या दृष्टीने रेखाटन निर्दोष असते. छपरावरून पाणी वाहण्याचा हिशेब मात्र बदललेला असतो. कोणते माप बांधावे आणि कोणते मोकळे ठेवून निष्पन्न होऊ द्यावे, हा निर्णय कोणतीही प्रणाली आरेखकासाठी घेत नाही. काही प्रणालींमध्ये रेखाटन आपोआप पूर्ण बांधून देणारी आज्ञा असते. ती सोयीची आहे, पण तिला छपराचे पाणी ठाऊक नसते.

म्हणूनच माऊसला हात लावण्यापूर्वी कागदावर पेन्सिलीने दोन मिनिटांचे मुक्तहस्त चित्र काढण्याची सवय सर्वांत अधिक वेळ वाचवते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्या चित्रावर तीन गोष्टींची नोंद व्हावी : सममिती कोठे आहे, कोणती कड वा रेषा आधारभूत आहे आणि उद्या कोणते माप बदलण्याचा संभव आहे. तिसरा प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. कार्यालयात मात्र तोच पहिला असतो.

प्लेट आणि भोके :

चौकटीच्या सांध्यात कॉलम व राफ्टर यांच्या टोकांना जोडलेल्या जाड प्लेटी समोरासमोर येतात आणि बोल्टने आवळल्या जातात. आयएस ८००:२००७ या भारतीय मानकानुसार २० मिलिमीटर व्यासाच्या बोल्टसाठी प्रमाण भोक २२ मिलिमीटरचे असते. यंत्राने कापलेल्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे किमान अंतर भोकाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३३ मिलिमीटर, आणि दोन बोल्टांच्या मध्यांतील किमान अंतर बोल्टच्या व्यासाच्या अडीचपट, म्हणजे ५० मिलिमीटर.

विद्यार्थी येथे २२, ३३ आणि ५० हे तीन आकडे मापे म्हणून टाकून मोकळा होतो. संरचना अभियंत्याने बोल्ट २४ मिलिमीटरचा केला, की तो भोके २६ मिलिमीटरची करतो आणि फाइल पुढे पाठवतो. परंतु आता कडेचे अंतर ३९ आणि मध्यांतर ६० मिलिमीटर हवे असते. ३३ आणि ५० तसेच राहिले तरी चित्र देखणेच दिसते. ही चूक कारखान्यात वा जागेवर उघडकीस आली तर प्लेट बदलावी लागते आणि ट्रेलरचे भाडे, क्रेनचे भाडे व दिवस वाया जातात. उघडकीस न आली तर परिणाम अधिक गंभीर होतात, कारण ज्या सांध्यावर छपराचा भार पेलला जातो, तोच सांधा मानकाला सोडून राहतो.

यावरचा उपाय साधा आहे. बोल्टचा व्यास हे एकच मूळ माप ठेवावे, त्याला नाव द्यावे आणि कडेचे अंतर व मध्यांतर ही त्यावर आधारलेली सूत्रे म्हणून लिहावीत. सॉलिडवर्क्समध्ये समीकरणांची सोय आहे. फ्रीकॅडमध्ये तक्त्यातील घराला नाव देऊन ते मापाशी जोडता येते. भोकाचा व्यास मात्र नेहमीच बोल्टपेक्षा २ मिलिमीटरने अधिक नसतो. २४ मिलिमीटरहून मोठ्या बोल्टसाठी मानकात ही वाढ ३ मिलिमीटर आहे. म्हणून ते सूत्र आंधळेपणाने न लिहिता मानकातील कोष्टकावरून घ्यावे.

भोकांच्या बाबतीत आणखी एक सवय सांगण्याजोगी आहे. आठ भोके असतील तर आठ वर्तुळे काढू नयेत. आठ वर्तुळे म्हणजे २४ स्वातंत्र्यांश. एक वर्तुळ काढून ते पूर्ण बांधावे आणि उरलेली सात पुनरावृत्तीच्या आज्ञेने घ्यावीत. कोपऱ्यांच्या गोलाईचेही तसेच आहे. आयताचे चार कोपरे रेखाटनातच गोल केले, तर चार घटकांचे आठ होतात आणि आठ जोडबिंदूंबरोबर आठ स्पर्शबंधने वाढतात. त्यांतील एक जरी सुटले, तरी रेखाटन विस्कटते आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात तास जातो. त्रिमितीय आरेखनात गोलाई ही घनाकार तयार झाल्यावर शेवटी द्यावी.

सोडण्याजोग्या सवयी :

माप आधी आणि संबंध नंतर, हा उलटा क्रम प्रयोगशाळेत सर्रास दिसतो. मापे आधी घातली की आकृती अवेळी ताठ होते आणि नंतर दिलेली समांतर वा लंब ही बंधने त्या मापांशी भांडू लागतात. मग अतिबद्ध रेखाटनाची सूचना येते आणि विद्यार्थी हाताला लागेल ते बंधन पुसून टाकतो. आधी सांधे, नंतर आडवे-उभे, समांतर, समान व सममिती ही बंधने, आणि मापे शेवटी, हा क्रम ठेवला तर असे प्रसंग पुष्कळ कमी होतात. प्रत्येक टप्प्यावर मोकळा बिंदू माऊसने ओढून पाहावा. तो कोणत्या दिशेने हलतो, यावरून कोणते बंधन राहिले आहे हे तत्काळ कळते. ओढून पाहण्याची ही कृती पोरखेळासारखी दिसते, परंतु दोष शोधण्याचे याहून जलद साधन नाही.

प्रणाली स्वतःहून लावत असलेल्या बंधनांबाबतही सावध राहावे लागते. दहास एक उतार म्हणजे केवळ ५.७ अंश. इतकी मंद चढाची रेषा काढताना प्रणाली ती आडवीच असल्याचे गृहीत धरू शकते. यासाठी उताराची रेषा आरंभी मुद्दाम अधिक तिरपी काढावी आणि मग माप देऊन खाली आणावी. सॉलिडवर्क्समध्ये रेषा काढताना कंट्रोल कळ दाबून धरल्यास अशी स्वयंचलित बंधने लागत नाहीत. एकूण आकार मात्र सुरुवातीपासून खऱ्या मापाच्या जवळपास असावा. ३० मीटरच्या चौकटीसाठी ३० मिलिमीटरची आकृती काढून तिच्यावर पहिले माप टाकले, की रेषा एकमेकींवरून उलटून जाण्याची शक्यता असते.

नवे रेखाटन घनाकाराच्या कडेला किंवा कोपऱ्याला जोडण्यापेक्षा मूळ प्रतलांना व अक्षांना जोडणे केव्हाही सुरक्षित. मागचा आकार बदलला की कडांची अंतर्गत नावे बदलतात आणि त्यांच्यावर टेकलेली रेखाटने निराधार होतात. फ्रीकॅडच्या वापरकर्त्यांना या दोषाने दीर्घकाळ त्रास दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत तो मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आणला गेला, तरी सवय म्हणून मूळ प्रतलांचा आधार घेणेच इष्ट.

या सर्व शिस्तीला अपवाद आहे. जागेवर उभ्या उभ्या काढलेले, एकदाच वापरून टाकून द्यावयाचे रेखाटन पूर्ण बांधत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. फाइल उद्या पुन्हा उघडली जाणार आहे की नाही, यावरून किती बांधावे हे ठरवावे.

शॉर्टकट, एकके व फाइली :

संक्षिप्त आज्ञांविषयी थोडक्यात सांगणे पुरे. ऑटोकॅडमध्ये रेषेसाठी एल, वर्तुळासाठी सी, छाटणीसाठी टीआर, समांतर प्रतीसाठी ओ, प्रतिबिंबासाठी एमआय ही अक्षरे आणि एफ ३ व एफ ८ या कळा अंगवळणी पडल्या की रोजचे काम निश्चितच सुकर होते. एक हात माऊसवर व दुसरा कळफलकावर ठेवण्याची सवय आठवडाभरात लागते. परंतु ३६ मीटरच्या प्रसंगी यांपैकी एकही कळ मदतीला येत नाही, हे विसरून चालणार नाही.

एककांचा प्रश्न मात्र येथील व्यवहारात फार जिवंत आहे. गोदामाचे भाडे चौरस फुटांत ठरते आणि पोलाद मिलिमीटरांत कापले जाते. मालक ‘शंभर फुटी शेड’ म्हणतो, तेव्हा ती ३०,४८० मिलिमीटरची असते. आरेखक सोयीसाठी ती ३०,००० धरतो आणि ४८० मिलिमीटरची तफावत पाया खणेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. मिलिमीटर हे एकक, थर, अक्षरांचा आकार आणि शीर्षकपट्टी आधीच ठरवून ठेवलेली नमुना फाइल प्रत्येक कार्यालयात व प्रयोगशाळेत असावी. आरेखन नेहमी पूर्ण मापात करावे. प्रमाण केवळ छपाईच्या वेळी लावावे.

वीज गेल्यावर काम हरवणे ही ग्रामीण भागातील प्रयोगशाळांची नित्याची तक्रार आहे. ऑटोकॅडची स्वयंजतन व्यवस्था मूळ स्वरूपात दर १० मिनिटांनी चालते. ती ५ मिनिटांवर आणता येते. फाइलीला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशी नावे देण्याऐवजी दिनांक व आवृत्ती क्रमांक द्यावा. कारखान्यात जुनी आवृत्ती कापली जाण्याचे प्रकार अशा नावांतूनच उद्भवतात.

अध्यापन व मूल्यमापन :

वरील सवयी विद्यार्थ्यांना सांगितल्या जात नाहीत असे नाही. त्या टिकत नाहीत, याचे कारण मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत छापील आकृतीबरहुकूम चित्र आले की गुण मिळतात, आणि कागदावर छापलेल्या चित्रात बंधने दिसत नाहीत. आठ सुटी वर्तुळे आणि एका वर्तुळाच्या आठ प्रती यांची छपाई तंतोतंत सारखी असते. मग शहाणा विद्यार्थी जवळचा मार्ग धरतो. त्याला दोष देता येणार नाही.

यासाठी निराळा अभ्यासक्रम वा महागडी प्रणाली लागत नाही. फ्रीकॅड विनामूल्य उपलब्ध आहे आणि एवढ्या कामाला ते पुरेसे आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळेतील शेवटची पाच मिनिटे बदलासाठी राखून ठेवावीत आणि एकूण गुणांपैकी लक्षणीय भाग त्या पाच मिनिटांना द्यावा. बदल आधी जाहीर करू नये. परीक्षकाने छपाईऐवजी फाइल उघडून पाहावी, मोकळ्या बिंदूंपैकी एखादा ओढून पाहावा. चौकटीच्या प्रश्नात ‘गाळा शंभर फूट करा’ एवढीच सूचना द्यावी. ज्याचे रेखाटन नीट बांधलेले आहे, त्याला एकच आकडा बदलावा लागेल, आणि त्याच्या पडद्यावर आढ्याची उंची कोणतेही गणित न करता ११,५२४ मिलिमीटर दिसेल.